नॉर्मन लुइस यांच्या चित्रांतला काळा रंग

रेषाविहारी :
न्यूयॉर्कमधल्या हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत जन्मलेले कृष्णवर्णीय अमेरिकन चित्रकार नॉर्मन लुइस (१९०९–१९७९) १९३० च्या दशकात बेघर झालेल्या कुटुंबांची आणि गरिबीची वास्तववादी चित्रे काढत होते. १९४० च्या दशकाच्या मध्यावर मात्र ते अमूर्ताकडे वळले. १९६० च्या ‘अमेरिकन टोटेम’मध्ये काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या आकारांचा एक उंच खांब उभा आहे. मनुष्याकृतीच नसेल, तर चित्रकाराची ओळख नेमकी कुठे शोधायची? काळा रंग म्हणजे वंश, हे समीकरण मला फार सोपे वाटते.

तैलरंग :
‘अमेरिकन टोटेम’ त्या समीकरणाच्या उलटच जाते. जवळून पाहिल्यास त्या खांबात मुखवटे आणि कवट्या दिसू लागतात, आणि एकूण आकार कू क्लक्स क्लॅन या कृष्णवर्णीयांवर हल्ले करणाऱ्या गोऱ्या वंशवादी संघटनेच्या पांढऱ्या टोकदार बुरख्याचा भास देतो. म्हणजे येथे दहशत पांढऱ्या रंगात आहे. शिवाय लुइस यांच्या चित्रांतून माणसे पूर्णपणे गेली, असेही म्हणता येत नाही. लहान उभ्या फटकाऱ्यांची दाटी कधी जमाव वाटते, कधी मिरवणूक. १९६५ चे ‘प्रोसेशनल’ अलाबामा राज्यातल्या सेल्मा येथील कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांच्या मोर्चाशी जोडून पाहिले जाते, ते याच रचनेमुळे. तेथे एकही चेहरा नाही, पण एका दिशेने सरकणारा समूह आहे. माझ्या मते त्यांची ओळख रंगापेक्षा या लयीत अधिक सापडते.

गॅलरीबाहेर :
लयीचा मुद्दा मान्य आहे, परंतु प्रत्येक चित्र मोर्चाशी नेऊन भिडवण्याचा धोकाही आहे. १९५५ च्या कार्नेगी आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात लोकांच्या पसंतीचे पारितोषिक त्यांच्या ‘मायग्रेटिंग बर्ड्‌स’ला मिळाले; त्याचा विषय पक्ष्यांचे स्थलांतर आहे, आणि ते तसे पाहायला काहीच हरकत नसावी.

याच संदर्भात न्यूयॉर्कचेच ज्यू अमूर्त चित्रकार बार्नेट न्यूमन यांचे १९४९ चे ‘अब्राहम’ आठवते. तेथेही काळ्यावर काळा पट्टा आहे, शीर्षक ज्यू धर्मग्रंथातले आहे आणि चित्रकाराच्या वडिलांचे नावही तेच होते; तरीही त्या काळ्याचा अर्थ ‘मानवी शोकांतिका’ असा सहज लावला जातो, आणि लुइस यांनी काळा वापरला की समीक्षकांना लगेच हार्लेम आठवते. एकाच दशकातल्या, एकाच शहरातल्या दोन चित्रकारांपैकी कोणाला ‘वैश्विक’ म्हणायचे, हे कॅनव्हास पाहण्याआधीच ठरलेले असते की काय, अशी शंका येते.

तैलरंग :
न्यूमन यांची तुलना पटली. फक्त एक भर घालतो : लुइस यांनी वंशाचा प्रश्न टाळला, असा अर्थ त्यातून निघू नये. रोमेअर बेअर्डन आणि इतर कृष्णवर्णीय चित्रकारांबरोबर १९६३ मध्ये ‘स्पायरल’ हा गट स्थापन करण्यात ते होते, आणि त्या गटाचे १९६५ चे प्रदर्शन केवळ काळ्या-पांढऱ्या कामांपुरते मर्यादित ठेवले होते. पुढे १९६९ मध्ये त्यांनी मेट्रोपॉलिटन संग्रहालयाच्या हार्लेमविषयक प्रदर्शनाविरुद्ध निदर्शनांत भाग घेतला, आणि त्याच वर्षी अल्पसंख्याक कलावंतांसाठी ‘सिंक गॅलरी’ उभारण्यात सहभागी झाले. राजकीय लढा रस्त्यावर आणि संस्थांमधून द्यायचा, चित्राला त्याचे फलक करायचे नाही, अशी त्यांची भूमिका होती. म्हणून ‘अमेरिकन टोटेम’सुद्धा घोषणा न होता चित्रच राहते.