मदत हवी आहे: 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' स्टेजवर कशी वाजवायची?

मंडळी, आमच्या हौशी बँडला गॅदरिंगमध्ये क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचं हे गाणं वाजवायचंय. सुरुवातीचं बॅलड (संथ, भावुक भाग) जमतं, शेवटचा हार्ड रॉक तर झक्कास. घोडं अडतं मधल्या ऑपेरात. १९७५ च्या रेकॉर्डिंगमध्ये तिघांनीच आवाजावर आवाज चढवून अख्खा कोरस उभा केलाय. आमचे चार गळे तिथे केविलवाणे वाटतात, त्यात ड्रमर 'गॅलिलिओ'चा वरचा सूर लावताना ठेकाच सोडतो! खुद्द क्वीन तेवढा भाग टेपवर लावून स्टेजवरून आत जायचे. (त्यांना शोभायचं हो.) १९८५ च्या लाइव्ह एड या मदतनिधी कॉन्सर्टमध्ये तर बॅलडवरून थेट त्यांच्याच 'रेडिओ गा गा' या गाण्यावर.

आम्ही काय करावं? ट्रॅक लावला, तर तो संपताच सगळ्यांनी एकदम उचलायचं कसं? क्लिक (ठेका मोजणारी टिकटिक) फक्त ड्रमरच्या कानात दिला तर पुरतो का?