अभ्यास सांभाळून करण्यासारखं अर्धवेळ काम पुण्यात मिळेल का?

जिंतूरकर_25
नमस्कार. मी जिंतूर तालुक्यातला. दीड वर्षापासून नवी पेठेत कॉट बेसिसवर राहून राज्यसेवेचा अभ्यास करतोय. यंदा ऐन काढणीत पाऊस आला आणि सोयाबीन शेतातच भिजलं. वडील फोनवर काही बोलले नाहीत, पण आता त्यांच्याकडे पैसे मागायला जीभ रेटत नाही. मेस आणि अभ्यासिकेचे मिळून 5,500 रुपये माझे मीच काढायचं ठरवलंय.

सकाळी 7 ते दुपारी 2 अभ्यासिका सोडायची नाही. 4 ते 8 मोकळा आहे. मित्राच्या गाडीवर तीन महिने जेवणाची पार्सलं पोचवली, पण पेट्रोल जाऊन फार उरायचं नाही आणि रात्री पुस्तक उघडलं की डोळे मिटायचे. मग घरबसल्या डेटा एन्ट्रीची जाहिरात पाहून 2,500 रुपये अनामत भरली. आठ रात्री जागून पानं टाइप केली. शेवटी मेसेज आला : 'अचूकता कमी, करार मोडला, 7,000 भरा नाहीतर कोर्टाची नोटीस.' आता रोज फोन येतात. घरी सांगितलेलं नाही.

बी.ए. मराठीत केलंय. पैसे थोडे कमी मिळाले तरी चालतील, पण हाताला काही लागेल असं काम सुचवा.

सातारी_माती
भावा, आधी त्या नोटिशीचं बघ. एक रुपयाही देऊ नको. 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन लाव. मेसेज, पैसे पाठवल्याची पावती, त्यांचे नंबर, सगळं जपून ठेव. खरं काम देणारा माणूस आधी अनामत मागत नाही. आणि घरी सांग. एकट्यानं असल्या फोनांना तोंड देत बसू नको.

मी साताऱ्यात 'कमवा आणि शिका'मधून शिकलो. सकाळी बागेत झाडांना आळी करायची, संध्याकाळी ग्रंथालयात पुस्तकांवर क्रमांक घालायचे. कर्मवीर अण्णांनी घालून दिलेली ती वाट होती, म्हणून माझी पदवी पूर्ण झाली. कॉलेजात नाव असेल तरच ही सोय मिळते. तू एम.ए.ला प्रवेश घेणार असशील तर पहिल्याच दिवशी चौकशी कर.

टकटक
मराठी टायपिंग येत असेल तर शासकीय संगणक टंकलेखनाचं 30 शब्दांचं प्रमाणपत्र काढून ठेव. लिपिक-टंकलेखक पदालाही उपयोगी पडेल.

काना_मात्रा
तुला अरे-तुरे करते, माझा मुलगा तुझ्याच वयाचा आहे.

मी 22 वर्षं मुद्रितशोधन करते, म्हणजे छपाईआधीची प्रत (प्रूफ) वाचून चुका काढते. अप्पा बळवंत चौकाच्या आसपास प्रकाशक आणि डीटीपीवाले (संगणकावर पुस्तकाची पानं जुळवणारे) आहेत, त्यांना प्रुफं वाचणारी माणसं नेहमी हवी असतात. गणपतीपासून दिवाळी अंकांची गर्दी, मग जूनच्या आधी शालेय पुस्तकांची. मधले महिने थंड जातात, हे आधीच सांगते. त्या दिवसांसाठी एखादी शिकवणी धरून ठेव.

काम असं चालतं : पहिलं प्रूफ मूळ प्रतीशी ओळ न् ओळ ताडायचं. सुटलेलं वाक्य इथेच सापडतं. दुसऱ्या प्रुफात आधीच्या दुरुस्त्या झाल्यात का ते बघायचं, कारण एक चूक काढताना ऑपरेटरच्या हातून दुसरी होते. श्रीलिपी या जुन्या फॉन्ट-पद्धतीतला मजकूर आताच्या युनिकोडमध्ये आणलेला असेल तर जोडाक्षरांवर डोळा हवा. मला सुरुवातीला फार कमी पैसे मिळाले, हात बसल्यावर पानाचा दर वाढला. दर आणि पैसे कधी मिळणार, हे दोन्ही पानं हातात घेण्याआधी विचारायचं. इथे संकोच करू नकोस.

साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे 18 नियम आहेत, 14 आधीचे आणि 1972 सालचे 4. ते पाठ कर. मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक आहे, तिथेही हाच सराव कामाला येईल.

हे तपासून इथेच लिही : 'विहीरीत पाणि नव्हते, म्हणुन आजीने शेजार्यांकडे जाउन दोन घागरी भरुन आणल्या.'

जिंतूरकर_25
सातारकर दादा, 1930 वर तक्रार नोंदवली. रात्री वडिलांशीही बोललो. ते म्हणाले, पैसे गेले तर जाऊ दे, तू जेवतोस ना वेळेवर?

काकू, मला पाच सापडल्या. विहिरीत, पाणी, म्हणून, जाऊन, भरून.

काना_मात्रा
सहा होत्या. 'शेजाऱ्यांकडे' राहिला. 'सूर्य'मध्ये रफार बरोबर, पण शेजारी, दरी, वारी यांच्या रूपांना रफार चालत नाही : शेजाऱ्यांकडे, दऱ्यांत, वाऱ्या. आचार्यांना बोलावलं आणि आचाऱ्यांना बोलावलं, यात बोलावलेली माणसंच बदलतात. हा भेद मला माझ्या पहिल्या प्रकाशकांनी शेजारी बसवून शिकवला होता.

पहिल्याच खेपेला पाच म्हणजे तुझा डोळा चांगला आहे. व्यक्तिगत निरोपात पत्ता पाठवते. मंगळवारी साडेचारला ये. 24 पानांचं बालपुस्तक आहे, पहिलं प्रूफ. लाल पेन आण आणि मूळ प्रतीवर रेघ ओढू नकोस.