‘द्विभाषी’ की ‘द्विलिपी’? ग्रीक-आर्मेनियन बायबलच्या हस्तलिखिताविषयी

प्रश्न : पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या आर्मेनियन संग्रहात अकराव्या-बाराव्या शतकातील एक चर्मपत्री हस्तलिखित आहे. नव्या कराराच्या ग्रीक हस्तलिखितांच्या यादीत त्याचा क्रमांक २५६ आहे. त्यात शुभवर्तमाने नाहीत. प्रेषितांची कृत्ये, पत्रे आणि प्रकटीकरण ग्रीक व आर्मेनियन अशा दोन्ही भाषांत शेजारीशेजारी लिहिले आहेत. त्याला ‘द्विभाषी पोथी’ म्हणावे का?

प्रतिसाद १ : ‘पोथी’ म्हटले की सुट्या, आडव्या पानांचा गठ्ठा डोळ्यांसमोर येतो. हे हस्तलिखित घड्या शिवून बांधलेले असल्याने ‘ग्रंथ’ किंवा सरळ ‘कोडेक्स’ म्हणणे बरे. ‘द्विभाषी’ला माझी हरकत नाही, मात्र येथे लिप्याही दोन आहेत. मोडी आणि देवनागरी या दोन लिप्यांत मराठीच लिहिलेली असली, तर तो कागद द्विलिपी असेल, द्विभाषी नव्हे. आर्मेनियनांना स्वतःची छत्तीस अक्षरी वर्णमाला पाचव्या शतकाच्या आरंभी मेस्रोप माश्तोत्स याने दिली, म्हणून ‘द्विभाषी व द्विलिपी’ असे दोन्ही शब्द लिहावेत.

प्रश्नकर्ता : मग ग्रीक स्तंभाला ‘मूळ’ आणि आर्मेनियन स्तंभाला ‘अनुवाद’ म्हणायला हरकत नसावी?

प्रतिसाद २ : येथेच खरी अडचण आहे. नवा करार ग्रीकमध्ये रचला गेला आणि आर्मेनियन भाषांतर नंतरचे, हे बरोबर. पण एवढ्यावरून शेजारचा आर्मेनियन मजकूर त्याच पानावरील ग्रीकवरून उतरला, असे ठरत नाही. ते भाषांतर या प्रतीच्या कित्येक शतके आधी, पाचव्या शतकातच झाले होते आणि त्याच्या जडणघडणीत सिरियाक या पश्चिम आशियातील जुन्या ख्रिस्ती भाषेतील बायबलचाही वाटा मानला जातो. उलट, प्रत उतरवणाऱ्या लेखनिकाने शेजारी पाहून ग्रीक मजकूर आर्मेनियनशी जुळवला असेल, अशी शंका अशा प्रतींबाबत घ्यावीच लागते. तरी २५६ पुरते पाहता, प्रेषित पौलाच्या पत्रांतील या प्रतीचा ग्रीक पाठ (म्हणजे प्रतीत मिळणारा मजकूर) त्याच यादीतील ३६५, १३१९, १५७३, २१२७ या क्रमांकांच्या, केवळ ग्रीक असलेल्या प्रतींच्या गटाशी जुळतो. म्हणजे तो सगळाच्या सगळा शेजारच्या स्तंभावरून घडवलेला नाही. त्यामुळे ‘ग्रीक पाठ’ व ‘आर्मेनियन पाठ’ हेच शब्द वापरावेत. महाभारताच्या भांडारकर आवृत्तीमुळे ‘पाठ’ आणि ‘पाठभेद’ हे शब्द आपल्याकडे चांगले रुळलेले आहेत, त्यांना डावलून ‘व्हर्जन’ कशाला?

प्रतिसाद १ : सहमत. या प्रतीची ग्रीक लिपी ज्या प्रकारची आहे, त्या ‘मिनस्क्यूल’ला (लहान अक्षरांच्या लेखनपद्धतीला) कोणी ‘लघुलिपी’ म्हणतात. वाचणाऱ्याला मात्र लघुलेखनच आठवते. मोडीच्या बाबतीत आपण ‘चिटणीशी वळण’ म्हणतोच, त्या धर्तीवर ‘लहान वळणाची ग्रीक अक्षरे’ असे लिहिले तर अर्थ लगेच लागतो.