दोन सामुराईंच्या भांडणाचे हे चित्र कोणत्या प्रसंगाचे?

प्रश्न: माझ्याकडे लाकडी ठशांनी छापलेले एक जपानी चित्र आहे. त्यात जमिनीवर लोळणारी पायघोळ विजार घातलेला तरुण सामुराई आखूड तलवार उपसून एका वृद्धावर धावून जात आहे आणि तिसऱ्याने त्याला मागून कवटाळले आहे. तरुणाच्या बाहीवर एकमेकांवर तिरकी ठेवलेली दोन पिसे आहेत. हा प्रसंग कोणता असावा?

उत्तर १: ती ससाण्याची पिसे म्हणजे आसानो घराण्याचे चिन्ह. १७०१ मध्ये आसानो नागानोरी याने एदोच्या (आजच्या टोकियोच्या) किल्ल्यात किरा योशिनाका याच्यावर वार केला आणि त्याच दिवशी त्याला पोट चिरून प्राण देण्याची शिक्षा झाली. चित्रातील प्रसंग मात्र या घटनेवर बेतलेल्या ‘कानादेहोन चुशिंगुरा’ या १७४८ च्या नाटकाच्या तिसऱ्या अंकातील दिसतो: तरुण हांगान (म्हणजे आसानो), वृद्ध मोरोनाओ (म्हणजे किरा) आणि मागून धरणारा होन्झो.

उत्तर २: नावे बदलली, कारण तेव्हा जपानवर सत्ता असलेल्या तोकुगावा घराण्याच्या राजवटीत समकालीन सामुराईंच्या घटना उघडपणे रंगवण्यास बंदी होती, म्हणून नाटककारांनी कथा चौदाव्या शतकात नेली. मला तर होन्झोची ती मिठीच सर्वांत हृदयद्रावक वाटते, कारण तिच्यामुळे मोरोनाओ वाचतो आणि हांगानचा सूड अपुरा राहतो. आता कागद पालथा करून पाहा. हातछपाई असेल, तर बारेन या चकतीने घासल्याच्या खुणा आणि झिरपलेला रंग मागे दिसू शकतो.

प्रश्नकर्ता: मनःपूर्वक आभार. मागे वळणदार खुणा स्पष्ट आहेत आणि विजारीचा निळा रंग आरपार उतरला आहे.