जर्मनीत भारतीय परवाना, सहा महिन्यांची मुदत आणि कार्यालयांची दिरंगाई

नेकारकाठचा (प्रश्न)

नमस्कार. कंपनीच्या बदलीमुळे मी, पत्नी आणि लहान मुलगी असे आम्ही पुण्याहून बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यातल्या एका छोट्या गावी राहायला आलो, त्याला आता चार महिने उलटून गेले आहेत. घर गावाच्या टोकाला आहे, बस तासाला एक आणि रविवारी तीही नाही, त्यामुळे आल्याआल्या एक जुनी गाडी घेतली. माझ्याकडे महाराष्ट्रात काढलेला चालू परवाना आहे, शिवाय निघण्यापूर्वी आरटीओतून एक वर्ष मुदतीचा आंतरराष्ट्रीय परवानाही काढून आणला आहे. तो असला की वर्षभर निर्धास्त गाडी चालवता येते, असे कचेरीतल्या एका भारतीय सहकाऱ्याने सांगितले होते. परवा दुसऱ्याने सांगितले की मुदत सहाच महिन्यांची असते आणि तिचा त्या पुस्तिकेवरच्या तारखेशी काहीही संबंध नसतो.

खरे-खोटे करण्यासाठी परवाना कार्यालयाला ई-मेल लिहिला, तर आठवड्याने उत्तर आले की भेटीची वेळ संकेतस्थळावरून घ्यावी. संकेतस्थळ म्हणते की सध्या एकही वेळ शिल्लक नाही. फोन सकाळभर गुंतलेला असतो आणि दुपारी बारानंतर कोणी उचलत नाही. त्यातच आमच्या व्हिसाची मुदतही संपत आली असून, निवास परवान्यासाठी परदेशी नागरिकांच्या कार्यालयाकडे केलेल्या अर्जाचे पुढे काय झाले, हेही कळायला मार्ग नाही.

वाहन परवान्याचा अर्ज केलेला असताना सहा महिने उलटले, तर गाडी चालवता येईल काय? पुण्याच्या रस्त्यांवर पंधरा-वीस वर्षे गाडी हाकलेल्या माणसाला खरोखरच पुन्हा परीक्षा द्यावी लागते काय? आणि निवास परवाना वेळेत मिळाला नाही तर नोकरीचे काय? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

जुना श्वाबी

तुमच्या दोन्ही अर्जांची जात वेगळी आहे, आणि ती वेगळी ठेवूनच विचार करावा लागेल. निवास परवान्याचा अर्ज वेळेत पोहोचला की मुदतीचे घड्याळ थांबते. वाहन परवान्याचा अर्ज कितीही वेळेत दिला तरी घड्याळ चालूच राहते. बहुतेक मंडळी इथेच फसतात, कारण एका खात्याचा अनुभव ते दुसऱ्या खात्याला लावतात.

आधी वाहन परवाना. युरोपीय संघाबाहेरच्या परवान्यावर जर्मनीत वास्तव्य सुरू झाल्यापासून सहा महिनेच गाडी चालवता येते. आंतरराष्ट्रीय परवाना म्हणजे मूळ परवान्याचे ठरावीक नमुन्यातले भाषांतर, तो ही मुदत एका दिवसानेही वाढवत नाही. आपले एकूण वास्तव्य एका वर्षाच्या आतच संपणार आहे, हे कागदोपत्री पटवून देता आले तरच कार्यालय आणखी सहा महिने वाढवून देऊ शकते. तुम्ही कुटुंबासह आला आहात, तेव्हा तो मार्ग तुमच्या उपयोगाचा दिसत नाही. मुदत संपल्यावर गाडी चालवणे हा किरकोळ दंडाचा विषय नसून फौजदारी गुन्हा आहे. त्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो, आणि परवाना नसलेल्या माणसाला जाणूनबुजून गाडी देणारा मालकही त्याच कलमात सापडतो. अपघात झालाच तर विमा कंपनी समोरच्याची भरपाई करील खरी, पण नंतर ५००० युरोंपर्यंतची रक्कम तुमच्याकडून वसूल करू शकते. पुढे नागरिकत्वाचा अर्ज करताना जुने फौजदारी प्रकरण निघाले तर काय होईल, हे मी वेगळे सांगायला नको.

ज्या देशांचे परवाने परीक्षा न घेता बदलून मिळतात त्यांची एक यादी आहे. तीत भारत नाही. म्हणून लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा द्याव्याच लागतात. दिलासा इतकाच की नवशिक्यांना सक्तीचे असलेले वर्ग आणि महामार्गावरचे, रात्रीचे ठरावीक तास तुम्हाला लागू होत नाहीत. तरीही एखाद्या फारशूलेत, म्हणजे वाहन प्रशिक्षण शाळेत, नाव घालावेच लागते, कारण प्रत्यक्ष परीक्षा शाळेच्या गाडीतून आणि शिक्षकाला शेजारी बसवूनच द्यायची असते.

अर्जासोबत परवान्याचे मान्यताप्राप्त भाषांतर, दृष्टिचाचणी, प्रथमोपचाराच्या एका दिवसाच्या वर्गाचे प्रमाणपत्र आणि फोटो द्यावा लागतो. ही सगळी कागदपत्रे भेटीची वेळ न मिळताही जमवता येतात, म्हणून ती आजच हाती घ्या. आपल्या मराठी नावांचा घोळही आताच निस्तरून ठेवा. पासपोर्टावर स्वतःचे आणि वडिलांचे नाव एकत्र 'गिव्हन नेम'मध्ये असते, तर जुन्या परवान्यावर कधी आडनाव पहिले असते, कधी वडिलांच्या नावाचे नुसते आद्याक्षर असते. खिडकीपलीकडच्या माणसाला ही दोन वेगळी माणसे वाटतात. भाषांतरकाराला पासपोर्टाची प्रतही द्या आणि नावाच्या क्रमाबद्दल एक टीप लिहून देता येईल का, ते विचारा.

आणखी एक सावधगिरीची सूचना, तुमच्यासाठी नव्हे तर वाचणाऱ्या इतरांसाठी: इथे राहायला आल्यावर सुट्टीत भारतात जाऊन काढून आणलेला नवा परवाना इथे चालत नाही, कारण तो काढताना तुमचे वास्तव्य जर्मनीत होते.

मृण्मयी

श्वाबी यांनी कायद्याची बाजू नेमकी मांडली आहे. परीक्षेबद्दल मी लिहिते, कारण अनुभवी चालकांनाच ती जड जाते असे माझे स्पष्ट मत आहे.

लेखी परीक्षा इंग्रजीतून देता येते. तीस प्रश्न असतात आणि चुकांचे जास्तीत जास्त दहा गुण चालतात, परंतु पाच गुणांचे दोन प्रश्न चुकले की दहाच गुण होऊनही तुम्ही नापास. ॲपवर महिनाभर मन लावून सराव केला की ती निघते. त्याबद्दल याहून अधिक लिहिण्याजोगे काही नाही.

प्रत्यक्ष परीक्षा पंचावन्न मिनिटांची असते आणि ती जर्मनमध्येच होते. शिक्षक शेजारी, परीक्षक मागच्या आसनावर. परीक्षक काही बोलला नाही तर सरळ जात राहायचे, एवढा संकेत पाठ करून ठेवा, कारण त्या शांततेत आपले लोक गोंधळतात आणि 'आता कुठे?' म्हणून मान वळवून मागे बघतात. वळण्यापूर्वी, मार्गिका बदलण्यापूर्वी आणि कडेची गाडी रस्त्यात आणण्यापूर्वी आरसे पाहून झाल्यावर मान खांद्यावरून वळवून बाजूला पाहावेच लागते. यालाच शुल्टरब्लिक म्हणतात. नुसते डोळे फिरवून भागत नाही, हनुवटी खांद्याच्या रेषेपर्यंत आलेली परीक्षकाला मागून दिसली पाहिजे. उजवीकडे वळताना आपल्या उजव्या अंगाने सरळ जाणारा सायकलस्वार आरशात मावत नाही, हे त्यामागचे साधे कारण आहे.

दुसरा सापळा 'रेख्ट्स फोर लिंक्स'चा. वस्तीतल्या ताशी तीस किलोमीटरच्या पट्ट्यात बहुतेक चौकांवर ना दिवा असतो, ना पाटी. तिथे उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला, मग तुमचा रस्ता कितीही रुंद असो आणि त्याची गल्ली कितीही बारकी असो. आपल्याकडे मोठ्या रस्त्याने जाणारा आपोआप मोठा ठरतो आणि गल्लीतला मुकाट्याने थांबतो. ती सवय पायात इतकी मुरलेली असते की पाय ब्रेककडे जातच नाही. मग शिक्षक ब्रेक मारतो, आणि शिक्षकाने ब्रेक मारला की परीक्षा संपली. प्रत्येक उजव्या गल्लीपाशी वेग उतरवून तिकडे पाहिल्याचे दिसू द्या.

थांबलेल्या बसचे चारही दिवे लुकलुकत असतील तर तिच्या शेजारून पायी चालण्याच्या वेगानेच जायचे, आणि हा नियम समोरून येणाऱ्यालाही लागू आहे. सायकलस्वाराला ओलांडताना गावात दीड मीटर आणि गावाबाहेर दोन मीटर अंतर सोडायचे, तेवढी जागा नसेल तर त्याच्या मागे मुकाट्याने सरकत राहायचे. 'थांबा' पाटीपाशी चाके पूर्ण थांबली पाहिजेत. रस्ता रिकामा आहे म्हणून हळूच पुढे सरकणाऱ्यांना परीक्षक हमखास टिपतात. हॉर्नबद्दल पुणेकराला काय सांगावे! तो इथे धोक्याची सूचना देण्यासाठी, किंवा गावाबाहेर ओलांडताना, एवढ्यापुरताच आहे.

शाळेच्या गाडीत शिक्षकासोबत सराव करायला सहा महिन्यांची अट आड येत नाही, हेही लक्षात असू द्या. ४५ मिनिटांच्या तासाला साठ-सत्तर युरो मोजताना जीव कळवळतो, पण पहिल्या दोन-तीन तासांतच आपल्या कोणत्या सवयी घातक आहेत ते कळते.

टपालवाला

निवास परवान्याबद्दल मी लिहितो. तुमच्याजवळ राष्ट्रीय, म्हणजे दीर्घ वास्तव्याचा, व्हिसा आहे आणि तो संपण्यापूर्वी अर्ज दाखल झाला आहे, असे धरून चालतो. तसे असेल तर निवास कायद्याच्या कलम ८१, परिच्छेद ४ प्रमाणे निर्णय लागेपर्यंत तुमचा जुना दर्जा कायम समजला जातो आणि त्याच अटींवर नोकरीही चालू ठेवता येते. कार्यालयाने वेळ दिली नाही म्हणून तुम्ही बेकायदा ठरत नाही. मात्र अर्ज पोहोचल्याचा पुरावा तुमच्याच हाती असला पाहिजे. ऑनलाइन अर्ज केला असेल तर पोच जपून ठेवा. नसेल तर अर्जाची सही केलेली प्रत नोंदणीकृत टपालाने पाठवा आणि पावती त्याच धारिकेत लावा.

या दर्जाचे प्रमाणपत्र मिळते, त्याला फिक्त्सिओन्सबेशाइनिगुंग म्हणतात. कंपनीच्या मनुष्यबळ विभागाला तेच दाखवायचे असते. हातात पडताच त्यावर कोणत्या परिच्छेदासमोर खूण केली आहे ते पाहा. परिच्छेद ४ समोर असेल तर पासपोर्टासोबत ते दाखवून भारतात जाऊन परत येता येते, परिच्छेद ३ समोर असेल तर परतीचा प्रवेश त्यावर मिळत नाही. घाईत चुकीच्या चौकोनात खूण झालेली मी पाहिली आहे, आणि ती खिडकीपाशीच दुरुस्त करून घेणे फार सोपे असते.

ई-मेलला उत्तर येत नाही म्हणून रोज नवा ई-मेल लिहू नका. प्रत्येक पत्रावर 'आक्टेनत्साइखेन', म्हणजे तुमच्या प्रकरणाचा क्रमांक, घाला. अर्जानंतर तीन महिन्यांत पुरेशा कारणाशिवाय निर्णय झाला नाही, तर प्रशासकीय न्यायालयात कार्यालयाच्या निष्क्रियतेविरुद्ध दावा लावता येतो. प्रत्यक्ष दावा लावण्याची वेळ क्वचितच येते, परंतु मुदत घालून, त्या तरतुदीचा सभ्य भाषेत उल्लेख करून लिहिलेले पत्र पुष्कळदा कपाटातली धारिका टेबलावर आणते. आपल्याकडचे हेलपाटे इथे कामाचे नाहीत, इथे सगळा कारभार कागदावरच पुढे सरकतो.

आता टपालपेटी. तुमचे पूर्ण आडनाव तिच्यावर ठळक लिहिलेले आहे ना, ते आजच पाहा. या देशात घराला क्रमांक असला तरी सदनिकेला बहुधा नसतो, आणि पेटीवर नाव नसेल तर टपाल परत जाते. पत्नीचे आडनाव पासपोर्टावर वेगळे असेल तर तेही लिहा. कार्यालयाने पाठवलेले भेटीचे पत्र 'पत्ता सापडला नाही' म्हणून परत गेले आणि अर्जदार इकडे महिनोन्‌महिने खात्याच्या नावाने बोटे मोडत बसला, असे प्रकार अधूनमधून कानावर येत असतात.

दंडाचा अधिकृत आदेश पिवळ्या लिफाफ्यात येतो. पोस्टमन तो पेटीत टाकताना लिफाफ्यावर त्या दिवसाची तारीख लिहितो आणि हरकत घेण्याची दोन आठवड्यांची मुदत तिथून मोजली जाते, तुम्ही लिफाफा फोडलात त्या दिवसापासून नव्हे. म्हणून आतल्या पत्रासोबत रिकामा लिफाफाही जपायचा असतो. गावात वेगमर्यादा २१ ते २५ किलोमीटरने ओलांडली तर ११५ युरो दंड आणि फ्लेन्सबुर्ग शहरातल्या, चालकांच्या दोषगुणांच्या नोंदवहीत एक गुण, आणि तिथे आठ गुण झाले की परवाना जातो. सुट्टीला भारतात जाताना शेजाऱ्याला पेटी उघडायला सांगून जा.

नेकारकाठचा

सर्वांचे मनापासून आभार. व्हिसा राष्ट्रीयच आहे आणि ऑनलाइन अर्जाची पोच सापडली, त्यामुळे ती चिंता मिटली. पेटीवर माझे नाव आहे, पत्नीचे नव्हते, ते लगेच लावले. वाहन परवान्यासाठी शेजारच्या गावातल्या फारशूलेत चौकशी केली. अर्ज इथली नगरपालिकाही स्वीकारते आणि पुढे पाठवते, असे तिथल्या बाईंनी सांगितले, तेव्हा भेटीची वाट पाहण्याचे कारणच उरले नाही. तरी मुदतीच्या आत दोन्ही परीक्षा उरकतील असे वाटत नाही. मधल्या काळात काय करावे? आणि जर्मन परवाना मिळाला की भारतीय परवाना काढून घेतात, हे खरे काय?

जुना श्वाबी

मधल्या काळात गाडी उभी ठेवा, दुसरा उपाय नाही. 'डॉइचलांडटिकेट', म्हणजे देशभर चालणारे मासिक तिकीट, घ्या. २०२३ मध्ये ते ४९ युरोंना सुरू झाले, २०२५ मध्ये ५८ झाले. त्यावर देशभरच्या स्थानिक बस, ट्राम आणि प्रादेशिक रेल्वे चालतात, मात्र ते दरमहा आपोआप पुढे चालू राहते, म्हणून नको असेल तेव्हा वेळेत रद्द करावे लागते. तासाला एक बस असलेल्या गावात ते अपुरे पडणार, हे मान्य आहे. बसथांब्यापर्यंत किंवा स्थानकापर्यंत एक जुनी सायकल ठेवली तर बराच फरक पडतो.

भारतीय परवाना जमा करावा लागतो, हे खरे. कार्यालयाने तो ठेवून घेतला असेल तर एरवी जर्मन परवाना परत केल्यावरच तो मिळतो, सबळ कारण दाखवल्यास तो मुळातच ठेवून न घेण्याची मुभा कार्यालयाला असते. तेव्हा दोन्ही बाजूंची स्वच्छ रंगीत प्रत काढून ठेवा आणि क्रमांक लिहून ठेवा. भारतात परिवहन संकेतस्थळावर काहीही करायचे झाले तरी तो क्रमांक लागतो.