ज्यांचे कॉइन एक्स्चेंजवर, ते मूर्खच का?

गावठी_गणित:
परवा वझीरएक्स या क्रिप्टो एक्स्चेंजवरच्या (कॉइन घेण्या-विकण्याच्या ऑनलाइन बाजारावरच्या) चोरीबद्दल कोल्ड_कोकणी यांनी लिहिलं, "वझीरएक्समध्ये अडकलेल्यांची मला कीव येत नाही. हार्डवेअर वॉलेट (कॉइनची किल्ली स्वतःजवळ ठेवायचं छोटं यंत्र) घ्यायला जिवावर येतं, तर क्रिप्टोच्या वाटेला जाऊ नये." वाचून डोकं फिरलं, म्हणून हा धागा.

अहो, १८ जुलै २०२४ ला वझीरएक्सच्या ज्या वॉलेटमधून २३ कोटी डॉलर गेले, ते मल्टिसिगच होतं, म्हणजे अनेकांच्या सह्यांशिवाय न उघडणारं. सह्या करणाऱ्यांच्या हातात लेजर कंपनीची हार्डवेअर वॉलेटच होती! पडद्यावर व्यवहार एक दिसला, सही झाली भलत्यावरच. फेब्रुवारी २०२५ मध्ये बायबिट या दुसऱ्या एक्स्चेंजचे दीडशे कोटी डॉलर साधारण याच तऱ्हेने गेले. पगारी तज्ज्ञ फसतात आणि तुम्ही सांगलीच्या शाळामास्तरला अक्कल शिकवता?

कोल्ड_कोकणी:
गल्लत करताय. तिथे स्मार्ट कॉन्ट्रॅक्टवर, म्हणजे आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅमवर, तो काय करणार ते न वाचता आंधळी सही झाली. साधं बिटकॉइन पाठवताना पत्ता आणि रक्कम डिव्हाइसच्या छोट्या पडद्यावर येते, ती वाचायची. क्लिपबोर्डवरचा पत्ता बदलणारं मालवेअर फोनमध्ये असलं, तरी तिथे पकडता येतं. तेवढंही वाचायचा कंटाळा असेल तर पोस्टात आरडी काढा.

पोटतिडीक:
३०% कर, वर १% टीडीएस, एका कॉइनचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा नाही. २०२२ पासून सरकारनेच लोकांना टेलिग्रामवरच्या पी२पीवाल्यांच्या (एक्स्चेंजशिवाय परस्पर कॉइन घेणाऱ्या-विकणाऱ्यांच्या) दारात नेऊन उभं केलं. त्यावर बोला की कुणीतरी.

गावठी_गणित:
पोटतिडीक, प्रत्येक धाग्यावर टीडीएस! वेगळा धागा काढा राव.

कोकणी, पूर्ण पत्ता वाचतो कोण? माझ्या आतेभावाने यूएसडीटी (डॉलरच्या भावाला बांधलेला कॉइन) पाठवताना मागच्या व्यवहारांच्या यादीतूनच पत्ता कॉपी केला. पहिली चार अक्षरं बरोबर, शेवटची चार बरोबर, मधली सगळी वेगळी. चोराने तसाच दिसणारा पत्ता तयार करून आधीच एक शून्य रकमेचा व्यवहार करून ठेवला होता, यादीत दिसावा म्हणून. ना व्हायरस, ना पासवर्डची चोरी. लेजर असती तरी त्याने चार-चार अक्षरं बघून बटण दाबलंच असतं.

मिरचीभजी:
आणि ते सीड फ्रेजचे, म्हणजे वॉलेट परत उघडून देणाऱ्या १२ किंवा २४ शब्दांचे, स्क्रीनशॉट! आमच्या ऑफिसात जो क्रिप्टोवाला बघावा त्याच्या गॅलरीत. फेब्रुवारी २०२५ मध्ये कॅस्परस्की या सायबर सुरक्षा कंपनीने स्पार्ककॅट नावाचा व्हायरस उघडकीस आणला, तो गॅलरीतले फोटो वाचून हेच शोधत होता. गूगल प्लेवर तर होताच, ॲपलच्या स्टोअरवरच्या ॲपमध्येही होता. आयफोनवाल्यांनी फार हसू नये.

कोल्ड_कोकणी:
म्हणून तर ओरडतोय, कागदावर लिहा!

शुभदा_ठाणे:
कागदाचं कौतुक पुरे. माझे चुलत दीर असेच हुशार. २४ शब्द चोराला उपयोगी पडू नयेत म्हणून क्रम बदलून लिहिले, खरा क्रम डोक्यात. गेल्या वर्षी हार्ट अटॅकने गेले. वहिनींच्या लॉकरमध्ये कागद आहे, सुवाच्य अक्षरात. उपयोग शून्य.

गावठी_गणित:
घ्या. एक्स्चेंजवर असते तर मृत्यूचा दाखला घेऊन निदान कुणाशी भांडता तरी आलं असतं.

कोल्ड_कोकणी:
हो ना, वझीरएक्सवाल्यांना तर भांडायला थेट सिंगापूरचं कोर्ट मिळालं. केवढी सोय.

बायनरी_बंड्या:
१२ शब्द असते तर जमलं असतं. क्रम साधारण ४८ कोटी, संगणक ते तपासू शकतो. २४ म्हणजे विसरा. तरी ताई, कागदाचा फोटो पाठवा, काही खाणाखुणा दिसतात का बघतो.

मिरचीभजी:
ताई, अजिबात पाठवू नका! कुणालाच नाही.

बायनरी_बंड्या:
म्हणजे मी चोर? इतकी वर्षं इथे लिहितोय, त्याचं हे फळ?

मिरचीभजी:
चोर म्हटलेलं नाही. "मी काढून देतो" म्हणत आलेल्याला शब्द दाखवायचे नसतात. तुम्ही जुने सभासद म्हणून तुमच्यापुरता नियम मोडायचा का?

बायनरी_बंड्या:
राहिलं. भलेपणाचा जमाना नाही.

कोल्ड_कोकणी:
क्रम बदलायला मी कधीच कुणाला सांगितलेलं नाही. शब्द क्रमाने लिहायचे, दोन ठिकाणी ठेवायचे, घरात एकाला माहीत हवं.

शुभदा_ठाणे:
तुमच्या बायकोला माहीत आहे?

कोल्ड_कोकणी:
कागद कुठे आहे ते माहीत आहे. कशाचा आहे ते सांगायचं राहिलंय.

शुभदा_ठाणे:
वा! आमच्या वहिनींनाही कागद कुठे आहे ते माहीत होतंच की. डिव्हाइसपण आहे कपाटात. पुतण्याने पिन म्हणून लग्नाची तारीख टाकली, मग स्वतःची जन्मतारीख. नाही लागला.

कोल्ड_कोकणी:
थांबवा त्याला! लेजर असेल तर तिसऱ्यांदा पिन चुकला की आतलं सगळं पुसलं जातं, आणि तुमच्या कागदावरून ते परत आणता येणार नाही. आधी दिरांच्या डायऱ्या, जुन्या वह्या, बँकेच्या फायली चाळा. तिथे शब्दांचा क्रमही सापडू शकेल. पिन मिळाला तर त्याच दिवशी नवं वॉलेट करून, क्रमाने लिहून, कॉइन तिकडे न्या. आणि हो, एक्स्चेंजवर असते तर ही वेळ आली नसती, हे गणितसाहेबांनी पुन्हा लिहायची गरज नाही, कळलंय मला.

गावठी_गणित:
कळलं, हेच खूप झालं.

पोटतिडीक:
नव्या वॉलेटवर नेताना टीडीएस कापतात का?

कोल्ड_कोकणी:
नाही कापत. झोपा आता.