मदत हवी आहे: डायलिसिसवरच्या बाबांची तहान कशी सांभाळायची?

नमस्कार मंडळी. बाबा ६४ वर्षांचे, मधुमेह जुना. दिवाळीनंतर डायलिसिस सुरू झालं, आठवड्यातून ३ वेळा, दर वेळी ४ तास. डाव्या हातात फिस्टुला आहे (डायलिसिसच्या सुया टोचायला ऑपरेशन करून जोडलेली रक्तवाहिनी). रोज सकाळी त्यावर बोटं ठेवून थरथर लागते ना, म्हणजे रक्त नीट वाहतंय ना, ते बघते, मगच चहा टाकते.

पथ्याचं बरंचसं जमलंय. पोटॅशियम (किडनी बिघडली की ते रक्तात साठतं) कमी व्हावं म्हणून भाज्या बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळते आणि ते पाणी फेकून देते. नारळपाणी, केळी बंद. (शेजारच्या काकूंनी मायेने कमी सोडियमचं मीठ आणून दिलं होतं. त्यात पोटॅशियम असतं, घरात किडनीचा पेशंट असेल तर कृपया वापरू नका.)

अडलंय ते पाण्यापाशी. डॉक्टरांनी दिवसाला १ लिटर सांगितलंय, चहा-आमटी धरून. त्यात सोलापूरचा उन्हाळा. दोन डायलिसिसच्या मध्ये अंगात पाणी साठून वजन ३ किलोने वाढतं, मग मशीनवर पायांत गोळे येतात, बीपी उतरतं, घरी आले की निपचित पडून राहतात. परवा रात्री मोरीत नळाला ओंजळ लावून पाणी पिताना दिसले. मला बघून इतके ओशाळले की रागावताच आलं नाही.

तुमच्या घरी कुणी डायलिसिसवर असेल तर सांगा ना, तहान कशी मारता? बर्फाचा खडा चघळून फरक पडतो का? दिवसाचं पाणी बाटलीत मोजून ठेवता का? आणि बिनमिठाचं जेवण त्यांना गोड कसं लागेल? जे कराल ते डॉक्टरांना विचारूनच करेन.